मोटारसायकलची सीट आणि खारा वारा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड मात्र आमच्यावरच सोपविली. सेवानिवृत्त शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व, ज्ञातीची एकजूट किंवा लग्नातील वायफळ खर्च यांवर बोलावे, अशी या व्यासपीठाची रूढी आहे. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. १९७४ साली ती परीक्षा उत्तीर्ण झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविले. यास्तव मोठ्या विषयास हात न घालता जो विषय आपण सर्वजण अक्षरशः बुडाखाली घेऊन येथवर आलात, तोच आम्ही घेतला आहे. तो विषय म्हणजे मोटारसायकलची सीट.

हसू नये. मघाशी मंडपाबाहेरच्या मोटारसायकली आम्ही सहज मोजल्या, त्रेपन्न भरल्या. त्यांतील काहींच्या सीटला चिरा पडल्या होत्या, काहींवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती, आणि आठ-नऊ सीट अशा लखलखत होत्या की त्यांत तोंड पाहून घ्यावे. संमेलनास यावयाचे म्हणून मुलांनी सकाळी पॉलिश मारले असणार. खरे सांगावयाचे तर फाटक्या सीटपेक्षा त्या लखलखणाऱ्या सीटचीच आम्हांस अधिक भीती वाटली. ती का, हे पुढे ओघाने येईल.

प्रथम आपल्या किनाऱ्याविषयी. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत आपली वस्ती पसरलेली आहे. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वाऱ्यातून मीठ येते. मिठाचा स्वभाव हवेतील ओल ओढून घेण्याचा. श्रावणात मिठाची बरणी कशी पाझरते, हे भगिनींना सांगणे न लगे. जे बरणीत घडते तेच सीटवर घडते. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर सकाळी बोट फिरवून ते जिभेला लावून पाहावे. आगरदांड्याहून दिघीस बोटीने गाडी नेली असेल तर जिभेचीही गरज नाही, डोळ्यांनाच पांढरी झाक दिसते. हे मीठ सीटच्या कडांना, शिवणीच्या भोकांत आणि तळाशी साचते. सीटचे कापड तळाच्या पाटीला ज्या बारीक पिनांनी ठोकलेले असते, त्या पिना सर्वांत आधी गंजतात. पिना सुटल्या की कापड सैल होते, सैल कापडातून पाणी आत जाते, आणि मग आपण म्हणतो की सीट खराब निघाली.

गंजावरून एक गोष्ट आठवली. मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागेस आणली गेली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडले असते. येथील वेधगृह बांधताना लोखंड वर्ज्य करण्यात आले. आपल्या किनाऱ्यावर जिला गंज लागणार नाही अशी वास्तू ती एकच, असे आम्ही वर्गात विनोदाने सांगत असू. असो.

सीटची निगा राखण्याची विद्या आम्ही मोटारसायकलवर शिकलो नाही. ती शिकलो सायकलवर. १९७७ साली कुंडलिका खाडीकाठच्या एका गावी आमची नेमणूक झाली, तेव्हा वडिलांनी आपली जुनी सायकल आम्हांस दिली. तिची सीट खऱ्या चामड्याची, स्प्रिंगांवर ताणून बसविलेली होती. पहिल्याच श्रावणात तिच्यावर पांढुरकी-हिरवी बुरशी आली. आम्ही नवे मास्तर. सर्व काही आपणांस कळते असा वयाचा भर. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती सीट खसाखसा घासली, चुलीच्या वैलापाशी ठेवून वाळविली आणि वर पळीभर खोबरेल तेल चोपडले. आठ दिवसांत चामडे लाकडासारखे ताठ झाले, मधोमध तडा गेला आणि खवट वास येऊ लागला. शिवाय बुरशी परत आली ती आली, आधीपेक्षा जोमाने आली.

बाजारपेठेत चामड्याचे काम करणारे एक वृद्ध गृहस्थ बसत. त्यांच्यापुढे आम्ही ती सीट ठेवली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि म्हणाले, “गुरुजी, हे चामडं आहे, डोकं नाही. एवढं तेल कशाला चोपडलंत?”

मग त्यांनी जे सांगितले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्ही वाचले नव्हते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवून त्याचे चामडे करतात. ते मुळात आंबट गुणाचे असते. सोडा त्याच्या उलट गुणाचा, म्हणून सोड्याने ते बिघडते. विस्तवाच्या आचेने ते आक्रसते. खोबरेल थंडीत थिजते, पुढे खवटते, आणि बुरशीला तर ते पक्वान्नच. बुरशी आली तर सीट घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशाने झाडावी, म्हणजे ती घरात पसरत नाही. मग पिळून काढलेल्या फडक्याने पुसावी आणि सावलीत, पण वाहत्या वाऱ्यावर ठेवावी. पूर्ण सुकल्यावर एरंडेलात थोडे मधमाशांचे मेण पातळ करून, बोटावर मावेल इतकेच घेऊन, तळहाताच्या उबेने जिरवावे. दुसऱ्या दिवशी वर राहिलेले कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. वर्षातून दोन वेळा, पाऊस सुरू होण्यापूर्वी आणि दसऱ्यानंतर. याहून जास्त करू नये.

त्यांनी आतून ठिगळ लावून ती सीट दुरुस्त केली आणि चार दिवसांनी स्वतः घरी आणून दिली. पन्नास पैसे घेतले. ते अंगणात उभे राहिले आणि आम्ही पायरीवरून सीट हातात घेतली. ओटीवर माणसे होती, पाटही होता. ज्याने आम्हांस बसण्याच्या वस्तूची विद्या दिली, त्यास ‘बसा’ असे आमच्यापैकी एकानेही म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही. त्या वेळी ते खटकलेसुद्धा नाही, हे अधिक वाईट. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असेल तर संपादक मंडळास विनंती की बाकी काहीही गाळावे, एवढा परिच्छेद गाळू नये.

१९८६ साली आम्ही एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. तिची सीट चामड्याची नव्हती, रेक्झीनची होती. सांप्रत आपल्या बहुतेक सर्व गाड्यांची सीट त्याच जातीची असते. रेक्झीन हे मूळचे इंग्लंडमधील एका कारखान्याच्या मालाचे नाव. कापडावर रासायनिक लेप देऊन तेथे नकली चामडे करीत. तो माल कधीच मागे पडला, पण आपल्याकडे नाव टिकले. आज आपण ज्यास रेक्झीन म्हणतो ते कापडावर पी.व्ही.सी. नावाच्या प्लास्टिकचा थर दिलेले असते. हे प्लास्टिक जात्या कडक. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनज्ञाने त्यात तेलासारखी द्रव्ये मिसळून ते मऊ करण्याची युक्ती काढली. ही मऊपणा आणणारी द्रव्ये उन्हाच्या तापाने हळूहळू निघून जातात, आणि रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर यांनी पुसल्यास ती फार लवकर निघून जातात. गॅरेजमधील मुले हाताला लागलेले ग्रीस पेट्रोलच्या बोळ्याने काढतात आणि त्याच बोळ्याने सीटही पुसून देतात. त्या दिवशी सीट नव्यासारखी दिसते. दोन उन्हाळ्यांत तिला चिरा पडतात, आणि पेट्रोलच्या बोळ्याशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही.

चामडे तेल पिते, रेक्झीन पीत नाही. आम्ही मात्र वृद्ध गृहस्थांची विद्या जशीच्या तशी राजदूतला लावली. एरंडेल व मेण वर तसेच राहिले, त्यावर धूळ बसली आणि वर्षभर शाळेत जाताना आमच्या पांढऱ्या लेंग्याला मागे काळा ठसा उमटत असे. पोरे हसत. एका विद्यार्थ्याने तर फळ्यावर चित्रही काढले होते. ते चांगले होते, हे मान्य केले पाहिजे.

आता लखलखणाऱ्या सीटविषयी.

१९९८ च्या वैशाखात पेणला एक लग्न होते. नवी मोटारसायकल घेऊन वर्ष झाले होते. आदल्या दिवशी बाजारातून चकाकी आणणाऱ्या पॉलिशची बाटली आणली आणि सीट अशी घासली की वर टांगलेला दिवा तिच्यात दिसावा. आमचे कुटुंब जरीची साडी नेसून मागे एका अंगाला पाय सोडून बसले. कार्लेखिंडीच्या वळणावर समोर शेळ्या आल्या, आम्ही ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहतो तो कुटुंब रस्त्यावर. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते.

त्या वेळी आम्ही काय केले, तेही सांगितले पाहिजे. लग्नघरी चार माणसांत आम्ही म्हणालो, “हिला नीट धरून बसता येत नाही.” सर्वांनी माना हलविल्या. बायकांनीदेखील तिलाच उपदेश केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसताना आम्ही सहज सीटवर तळहात टेकला आणि तो बर्फावरून जावा तसा सरकला. तेव्हा कळले. अशा बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकोन असते. ते वर पातळ, निसरडा थर धरते. त्यानेच चकाकी येते आणि त्यानेच माणूस घसरतो. रेशमी साडी, एका अंगाची बैठक आणि सिलिकोनचा थर, इतके एकत्र आल्यावर धरून तरी किती धरणार? १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी हाताची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी बंधनकारक केली आहे. आमच्या गाडीला हे तिन्ही होते. नियमाने दिलेले संरक्षण आम्ही आपल्या हाताने पुसून टाकले. तिला तसे सांगावयास मात्र आम्हांस अकरा वर्षे लागली, आणि चार माणसांत आज प्रथमच सांगत आहोत. समोर दुसऱ्या रांगेत ती बसली आहे. पावसाळा जवळ आला की ते मनगट अजून दुखते.

सबब, बाहेर ज्यांच्या गाड्या चमकत आहेत त्यांनी घरी जाण्यापूर्वी सीटवर तळहात जोराने टेकून पुढे ढकलून पाहावा. हात सरकला तर साबणाच्या पाण्याने ते पॉलिश काढून टाकावे. एका वेळी निघत नाही, दोन-तीन वेळा धुवावे लागते. ज्यांच्या मागे आज आई, बहीण किंवा पत्नी बसणार आहे त्यांनी तर हे केल्यावाचून गाडी सुरूच करू नये. पॉलिश टाकीला लावावे, मडगार्डला लावावे. सीटला लावू नये.

मग रेक्झीनची निगा राखावी तरी कशी? आमच्या अनुभवाने तिला खाऊ घालण्यासारखे काही नाही. तिला वाचवावयाचे असते. मऊ द्रव्य एकदा निघून गेले की बाटलीतून परत घालता येत नाही. उन्हापासून वाचविले की अर्धे काम झाले. नारळीच्या सावलीत गाडी लावणारे नारळ पडण्याचा हिशेब करीत नाहीत, म्हणून छप्पर किंवा सुती आवरण बरे. उन्हाचा परिणाम कमी करणारी, पाण्यात कालविलेली आणि वाळल्यावर चकाकी न धरणारी द्रव्ये हल्ली मिळतात. ती वापरण्यास हरकत नाही, मात्र तळहाताची परीक्षा त्यांनाही घ्यावी.

धुण्यासाठी आम्ही रिठे वापरतो. आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून, रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घालावेत. सकाळी कुस्करून गाळावे. त्या फेसात जुना दात घासण्याचा ब्रश बुडवून शिवणीच्या रेषेने हळू फिरवावा, कारण मीठ व मळ यांचे खरे घर शिवणीत असते. मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन वेळा पुसावे. नळीने पाण्याचा झोत मारू नये. शिवणीची भोके म्हणजे चाळणी, आणि आतला स्पंज पाणी धरून ठेवतो. वरून कोरडी दिसणारी सीट बसताच आपली विजार कशी ओली करते, याचा अनुभव या सभेत कोणास नाही? तो ओलावा केवळ गैरसोयीचा नाही. ओल्या कपड्यांत तासन् तास बसल्याने जांघेत गजकर्ण वाढते, आणि लाजेने माणसे ते महिनोन्‌महिने लपवितात. पावसात प्लास्टिकची पिशवी घालणे योग्यच. परंतु पाऊस थांबल्यावर ती काढावी. उन्हात तशीच राहिली की आत वाफ कोंडते आणि बुरशीला दुसरे काही लागत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या गाड्यांवरून मासळीची पाटी जाते. मासळीचे पाणी शिवणीत मुरले की साबण हरतो. भगिनी मासे साफ केल्यावर हाताला लिंबू किंवा चिंच चोळतात, तीच युक्ती येथे लागू आहे. मासळीचा वास ज्या द्रव्याने येतो त्याचा गुण क्षाराचा असतो, म्हणून आंबट लागताच तो मरतो. पेलाभर पाण्यात अर्धे लिंबू पिळून त्या पाण्याने पुसावे, पाच मिनिटांनी गोड्या पाण्याने पुसून घ्यावे. पाटीखाली गोणपाटाऐवजी रबराचा तुकडा घालावा. गोणपाट पाणी शोषतो आणि दिवसभर सीटला पाजत राहतो. हल्ली काही हौशी तरुण जाड गाड्यांना खऱ्या चामड्याची सीट बसवून घेतात. त्यांस लिंबू, रिठा काही नको. सायकलची कथा त्यांच्यासाठी सांगितली आहे.

३ जून २०२० या दिवसाविषयी आपणांस काय सांगावे? निसर्ग वादळाने कोणाची सुपारीची बाग आडवी केली, कोणाचे घर उघडे पाडले. आमच्या पडवीचे पत्रे उडाले आणि मोटारसायकल खाऱ्या पावसात उभी राहिली. वीज नव्हती, पाणी नव्हते, आणि अंगणात पडलेल्या माडांतून वाट काढण्यातच दिवस गेले. सीटकडे कोण पाहणार? तीन आठवड्यांनी पाहिले तेव्हा ती दाबताच काळे पाणी आले.

ज्या वृद्ध गृहस्थांविषयी सांगितले, ते केव्हाच निवर्तले. त्यांचा मुलगा आता सीट शिवण्याचे काम करतो. टाळेबंदीमुळे दुकान बंद होते, म्हणून निरोप पाठविल्यावर तो घरी आला. त्याने पिना उपसल्या, कापड सोलले आणि स्पंज दाखविला. आत शेवाळासारखी काळी बुरशी पसरली होती. आम्ही रिठ्याचे पाणी आणावयास उठलो, तर तो म्हणाला, “गुरुजी, वरचं धुता येतं, आतलं नाही. आतलं बदलायला लागतं.” त्याने नवा स्पंज कापून बसविला, त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद घातला, म्हणजे शिवणीतून उतरलेले पाणी आत जाऊ नये, आणि कडेने न गंजणाऱ्या पिना ठोकल्या. हे सारे काम त्याने आमच्या ओटीवर, खुर्चीत बसून केले. कुटुंबाने डाव्या हाताने चहाचा कप पुढे केला. उजव्या मनगटाने भरला कप तिला उचलत नाही. त्याने विचारले, हाताला काय झाले. ती आमच्याकडे पाहू लागली. तेव्हा आम्हीच सांगितले, आणि त्याच्या बापाची सीटही सांगितली. तो ऐकून थोडा वेळ पिना ठोकीत राहिला, मग म्हणाला की बाबा त्या सायकलच्या सीटची गोष्ट घरी सांगत असत. मास्तरांनी चामड्याला डोक्याचं तेल लावलं म्हणून सगळे हसत. अंगणातले उभे राहणे त्यांनी सांगितले होते की नाही, हे त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

ती सीट पाच वर्षे उलटली तरी शाबूत आहे. मंडपाच्या डाव्या बाजूस, जांभळीखाली ती गाडी उभी आहे. अध्यक्षमहाराजांनी घड्याळ दाखविले आहे, पंगतही तयार आहे. रिठ्याचे पाणी आम्ही दोन बाटल्या भरून आणले आहे, ब्रश आणि फडकी आहेत. ज्यांच्या सीटवर तळहात सरकेल त्यांनी जेवण झाल्यावर जांभळीखाली यावे. बाटल्या पुरल्या नाहीत तर मंडपाच्या नळाचे पाणी गोडे आहे, आम्ही सकाळीच चाखून पाहिले आहे.